आज काय विशेष?

साधा मंगळवार तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? म्हणजे ज्या दिवशी कोणी थोर माणूस जन्मला नाही, कोणी गेला नाही, संयुक्त राष्ट्रांनी कसला ठराव केला नाही आणि कुठल्या पशुपक्ष्याचा किंवा खाद्यपदार्थाचा गौरवही करायचा नाही, असा नुसता मंगळवार. माझ्या लहानपणी असे मंगळवार भरपूर मिळत. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात फार तर अंगारकी असायची आणि तिच्या कडेला आईच्या अक्षरात ‘दूध नाही’ किंवा ‘सिलिंडर लावला’. तारखेला तेवढीच कामं असत. आता एकेका तारखेवर इतके हक्कदार बसलेले असतात की खुद्द तारखेला टेकायला जागा नाही. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो आणि आंतरराष्ट्रीय आनंद दिनही. म्हणजे चिमण्या कमी झाल्या म्हणून सकाळी हळहळायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत आनंदी व्हायचं.

हे सगळं मला कळतं ते आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या फळ्यामुळे. फळा लिफ्टशेजारी आहे. लिफ्ट बहुधा बंद असते, त्यामुळे जिना चढण्याआधी माणसं तिथे दम साठवायला थांबतात आणि डोळ्यांना दुसरं काम नसल्यामुळे फळा वाचतात. लिफ्ट नीट चालत असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

पूर्वी त्या फळ्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं, पाणी बंदची सूचना आणि एकदा ‘गच्चीवर एका पायाची चप्पल सापडली आहे, ओळख पटवून न्यावी’ एवढंच असे. मग पहिल्या मजल्यावर गुरुजी राहायला आले. गुरुजी मूळचे सातारा जिल्ह्यातले, निवृत्त मुख्याध्यापक. मराठी शाळेतला परिपाठ ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको : प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि मागच्या रांगेत कोणी तरी चक्कर येऊन पडणं. निवृत्तीनंतर गुरुजींची पेन्शन सुरू झाली आणि परिपाठ बंद झाला. पेन्शन वेळेवर येत होती, पण त्यांचं मन परिपाठात होतं. एके सकाळी त्यांनी थकबाकीदारांची नावं पुसली (थकबाकीदारांनी त्यांना तिथल्या तिथे चहा पाजला) आणि वळणदार अक्षरात लिहिलं : ‘आजचा दिनविशेष’.

इथवर ठीक होतं. पण तिसऱ्या मजल्यावर काका राहतात. काका रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी वांद्र्याला राहायचे, शेजारी गोव्याचं कुटुंब, त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर. त्या रेकॉर्ड प्लेयरने काकांचं जे काही केलं ते रेल्वेच्या नोकरीलाही निस्तरता आलं नाही. त्यांच्या मते जगात गाणं १९५६ साली सुरू झालं आणि १६ ऑगस्ट १९७७ रोजी, एल्व्हिस गेला त्या दिवशी, संपलं. त्याच १६ ऑगस्टला मॅडोनाचा वाढदिवस येतो, हे ते फळ्यावर येऊ देत नाहीत. काकांनी मागणी केली : दिनविशेषाखाली रोज एका गायकाचा वाढदिवस हवा. ‘क्लासिक गायक,’ ते म्हणाले, ‘आजकालचे नकोत. आजकालच्यांना वाढदिवस असतो, गाणं नसतं.’

तिसरा भागीदार मी. ‘तुम्ही विनोदी लिहिता म्हणे,’ सेक्रेटरी म्हणाले. त्या ‘म्हणे’मध्ये बरंच काही होतं. ‘मग रोजचा एक विनोद तुमच्याकडे. दोन ओळींत.’ अशा रीतीने फळ्यावर तीन पक्षांचं सरकार आलं, आणि महाराष्ट्रात तीन पक्षांचं सरकार जसं चालतं तसंच ते चालू लागलं. खडू एकाकडे, डस्टर दुसऱ्याकडे आणि नाराजी तिसऱ्याकडे.

पहिली ठिणगी ५ सप्टेंबरला पडली. शिक्षक दिन. गुरुजींच्या वर्षाचा हा सर्वोच्च बिंदू. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, जन्म १८८८, हे त्यांनी रंगीत खडूने लिहिलं आणि भोवती वेलबुट्टी काढली. वेलबुट्टीने पाऊण फळा घेतला. काका खाली आले.

‘आज फ्रेडी मर्क्युरीचा वाढदिवस आहे. जागा कुठाय?’

‘कोण हे?’

‘गायक. क्वीन. १९४६.’

‘राणी?’ गुरुजींनी चष्मा वर केला. ‘मग “गायक” असं पुल्लिंगी कसं सांगता?’

काकांनी शांतपणे समजावलं. क्वीन हा बँड. फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा, पारशी, जन्म झांजिबारचा. शाळा मात्र पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता.

‘पाचगणी?’ गुरुजींचा आवाज एकदम मऊ झाला. ‘पाचगणी म्हणजे सातारा जिल्हा.’

‘हो.’

‘मग आपलाच विद्यार्थी की! आधी नाही का सांगायचं?’ आणि गुरुजींनी स्वतःच्या हाताने वेलबुट्टीतली दोन पानं पुसून तिथे लिहिलं : ‘सातारा जिल्ह्याचे माजी विद्यार्थी कै. फ्रेडी मर्क्युरी.’ लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर हजारो लोकांना एका तालावर टाळ्या वाजवायला लावणाऱ्या माणसाची ही ओळख जगात फक्त आमच्या जिन्याखाली वाचायला मिळते.

तेव्हापासून काकांना गुरुजींची कळ सापडली. प्रत्येक गायकाचा भारताशी, शक्यतो महाराष्ट्राशी, संबंध दाखवायचा. क्लिफ रिचर्ड? लखनौचा जन्म, १४ ऑक्टोबर १९४०. चालेल. मायकल जॅक्सन, २९ ऑगस्ट १९५८? १९९६ मध्ये मुंबईत कार्यक्रम करून गेलाय. चालेल, पण त्या दिवशी राष्ट्रीय क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद वर, जॅक्सन खाली. २ ऑक्टोबरला स्टिंगचा प्रश्न आला. गांधी-शास्त्रींच्या फळ्यावर इंग्रज गायक नकोच, अशी गुरुजींची ठाम भूमिका. काका म्हणाले, ‘अहो, ते “द पोलिस”मध्ये होते.’ ‘पोलिसात होते? मग लिहा,’ गुरुजी म्हणाले, ‘सरकारी नोकर आहेत.’

आता माझ्या रकान्याबद्दल. मी पहिल्या दिवशी लिहिलं :

‘गुरुजी : बंड्या, काल शाळेत का आला नाहीस? बंड्या : काल जागतिक मौन दिन होता. हजेरीला “हजर” कसं म्हणणार?’

गुरुजींनी तो विनोद दोनदा वाचला. मग वही काढून असा दिन खरोखर आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, ‘हजेरीला हात वर केला तरी चालतो.’ मी म्हटलं, विनोद आहे. ‘ते कळलं. पण प्रत्येक विनोदात गुरुजीच कसे फसतात? उभ्या नोकरीत मला इतका हुशार बंड्या भेटला नाही. भेटला असता तर मीच त्याच्याकडे शिकवणी लावली असती.’ बंड्या बंद झाला.

मी डॉक्टर-पेशंटकडे वळलो. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी जिन्यात गाठून विचारलं, ‘अक्षरावर होता का?’ मी नाही म्हटलं. ‘मग बिलावर असेल,’ म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्या रक्तदाबाचा आकडा ते जरा मोठ्याने सांगतात. नवरा-बायकोचा विनोद महिला मंडळाने दुपारीच पुसला आणि त्या जागी हळदीकुंकवाची वेळ लिहिली. पुणेकरांवरचा लिहिला, तर पाचव्या मजल्यावरच्या सूनबाईंचं माहेर सदाशिव पेठेतलं निघालं. त्यांनी काही म्हटलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अस्सल माहेरचं होतं.

शेवटी मी हत्ती आणि मुंगीवर आलो. इमारतीत दोघांपैकी कोणी राहत नाही, राहत असलंच तर मुंगीकडून निषेध येणार नाही. लिहिलं : ‘हत्ती लिफ्टमध्ये शिरला. मुंगी म्हणाली, तू जा पुढे, मी जिन्याने येते. दोघांचं वजन पेलायचं नाही.’ संध्याकाळी सेक्रेटरी दारात उभे. ‘लिफ्टचा उल्लेख मुद्दाम केलाय का?’

विनोदावर लोक हसतात की नाही हा प्रश्न मी पुढे सोडून दिला, कारण लोक हसत होते ते भलत्याच ओळींना. १९ नोव्हेंबरचं घ्या. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो, १९९९ साली त्रिनिदादमध्ये सुरू झालेला. आणि त्याच दिवशी जागतिक शौचालय दिन असतो, २०१३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत यादीत असलेला. गुरुजींनी दोन्ही एकाखाली एक, सारख्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले आणि खाली एकच ओळ : ‘दोन्हींच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’ महिला मंडळाची सभा त्या दिवशी ठरलेली नसताना फळ्यासमोर भरली. घरी आलो तर बायको म्हणाली, ‘आज तुमचा दिवस ना? मग दुसऱ्याचाही आजच उरकून टाका,’ आणि माझ्या हातात ब्रश दिला. माझा विनोद त्या दिवशी हत्तीच्या रुमालावर होता. तो कोणाला आठवतही नाही.

लता मंगेशकरांची जयंती २८ सप्टेंबरला, तर त्याच दिवशी जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर १८९५ साली त्या तारखेला गेले म्हणून. ‘स्वरसम्राज्ञीस अभिवादन. भटकी कुत्री दिसल्यास अंतर राखावे’ हे सलग वाचून तळमजल्यावरच्या, कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्या काकू दुखावल्या. ‘दीदींनाही प्राणी आवडायचे,’ त्या म्हणाल्या. २४ डिसेंबरला मोहम्मद रफी, साने गुरुजी आणि राष्ट्रीय ग्राहक दिन एकत्र येतात. तो दिवस मात्र सुरळीत जातो, कारण रफी आणि साने गुरुजी या दोघांबद्दल वाईट बोलणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि ग्राहकाला आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

पण फळ्याने खऱ्या अर्थाने इमारत हलवली ती २ मे रोजी. मे महिना, पाण्याची बोंब. सेक्रेटरींनी पहाटेच फळ्याच्या तळाशी लिहून ठेवलं होतं : ‘उद्या दिवसभर पाणी येणार नाही. आजच भरून ठेवावे. सहकार्य करावे.’ सकाळी गुरुजी आले. सत्यजित राय, जन्म १९२१. दोन ओळींत आटोपले. मग काका आले. त्या दिवशी वाढदिवस एंगलबर्ट हम्परडिंक यांचा. जन्म मद्रास, १९३६. आता हे नाव तुम्ही देवनागरीत, जाड खडूने, थरथरत्या हाताने फळ्यावर लिहून पाहा. ‘एंगलबर्ट’ला एक ओळ लागली. ‘हम्परडिंक’ लिहिताना ‘डिंक’ फळ्याच्या चौकटीवर गेला. काकांनी पुसून पुन्हा लिहायला घेतलं आणि जागेसाठी खालच्या दोन ओळी घेतल्या. दिवसभर आम्ही येता-जाता वाचत होतो :

‘एंगलबर्ट हम्परडिंक, जन्म मद्रास, १९३६. सहकार्य करावे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या इमारतीत एकाच वेळी नळातून तो सुस्कारा आला. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, एक डोळा मिटून, टॉवेलवर जिन्यात उभे. ‘सूचना का नाही दिली?’ ‘दिली होती.’ ‘मग पुसली कोणी?’ ‘हम्परडिंकने.’ ‘कोण तो? कितव्या मजल्यावर राहतो?’ चौथ्या मजल्यावरून आवाज आला, ‘नवीन भाडेकरू असेल. भाडेकरूंचं असंच असतं.’

काकांचं दुःख वेगळंच. ‘त्याचं खरं नाव आर्नल्ड डॉर्सी हो! इतकं सुटसुटीत! मॅनेजरने बदलायला लावलं.’ बदललेलं नावही स्वतःचं नव्हे. एक जर्मन संगीतकार होऊन गेला, ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ हा ऑपेरा लिहिणारा, १९२१ साली वारलेला. त्याचं नाव जसंच्या तसं उचललं. त्याची परवानगी घेणं शक्यच नव्हतं. तो मॅनेजर जरा दम धरता, तर डोंबिवलीत सत्तावीस कुटुंबांच्या बादल्या भरल्या असत्या. संगीताच्या इतिहासात अशा गोष्टींची नोंद होत नाही.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे हे सांगायला नकोच. गुरुजी फळ्याचा फोटो रोज तिथे टाकतात. फोटो उघडून कोणी पाहत नाही, पण पाहिलंय असं दाखवण्यासाठी जोडलेले हात पाठवतात. जोडलेल्या हातांचा मोठा फायदा म्हणजे ते वाढदिवसालाही चालतात आणि तेराव्यालाही. पण एखादा उत्साही सदस्य शब्द वापरतो आणि घोटाळा होतो. १८ जूनला वर होतं, ‘झाशीची राणी लक्ष्मीबाई बलिदान दिन’, आणि खाली, ‘पॉल मॅकार्टनी, १९४२’. पहिला निरोप आला, ‘विनम्र अभिवादन.’ दुसरा, ‘दोघांनाही विनम्र अभिवादन.’ तिसऱ्याने फक्त खालचं वाचलं : ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मग ओघच लागला. ‘ॐ शांती.’ ‘ईश्वर कुटुंबीयांना बळ देवो.’ एकाने लिहिलं, ‘फार मनमिळाऊ माणूस होता.’ हा माणूस एरवी लिफ्टमध्येही कोणाशी बोलत नाही.

काका तिसऱ्या मजल्यावरून अनवाणी खाली आले. ‘अहो, जिवंत आहेत ते! अजून कार्यक्रम करतात!’

‘बरं वाटलं ऐकून,’ गुरुजी म्हणाले. ‘पण बातमी आली कुठून?’

गंमत म्हणजे ही बातमी जुनीच. १९६९ साली साऱ्या अमेरिकेत हीच आवई उठली होती की पॉल कधीच गेला आणि त्याच्या जागी दुसराच कोणी तरी गातोय. लोक रेकॉर्डी उलट्या फिरवून त्यात पुरावे शोधत होते. आमच्या सोसायटीपर्यंत ती यायला अर्धं शतक लागलं, आणि रेकॉर्ड उलटी फिरवायचा त्रासही कोणी घेतला नाही.

१३ ऑक्टोबरला तर देवसुद्धा गोंधळेल. त्या दिवशी अशोककुमारांचा जन्म, १९११ चा. त्याच दिवशी १९८७ मध्ये धाकटे भाऊ किशोरकुमार गेले. आणि काकांच्या यादीत पॉल सायमन, १९४१. गुरुजींनी उपाय म्हणून जन्माला पांढरा खडू आणि मृत्यूला पिवळा खडू ठरवला. पिवळा खडू दुकानात मिळाला नाही. गुलाबी आणला. गुलाबी अक्षरात ‘पुण्यस्मरण’ वाचून दोघांनी ‘हॅपी बर्थडे’ पाठवलं, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही.

मग कोणी तरी सुचवलं की परक्यांचे वाढदिवस पुरे झाले, आपल्या सभासदांचेही लिहा. सेक्रेटरींनी सगळ्यांचे आधार कार्डांवरचे जन्मदिनांक गोळा केले. यादी लावली, आणि ज्येष्ठ नागरिकांत निम्म्याहून अधिक माणसं १ जूनला जन्मलेली निघाली. आमच्या पिढीला हे माहीत आहे. मुलगा शाळेत घालायला नेला की मास्तर जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, ‘पुराच्या वर्षी झाला’ किंवा ‘बैल मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी’. मास्तर पोराकडे पाहून, प्रवेशाला वय बसेल असं वर्ष आणि १ जून टाकून मोकळे. त्या पिढीचा अख्खा महाराष्ट्र असा एकाच दिवशी जन्मला.

१ जूनला फळा पुरेना. त्यात काकांनी वर नर्गिस, १९२९, आणि मर्लिन मन्रो, १९२६, यांनाही बसवलं. (‘मन्रो गायची सुद्धा,’ असं त्यांचं समर्थन.) चौथ्या मजल्यावरच्या आजींना आम्ही केक घेऊन गेलो आणि सांगितलं, ‘आजी, आज तुमच्याबरोबर मर्लिन मन्रोचाही वाढदिवस.’

‘कोण गं ती?’

‘अमेरिकेची मोठी नटी.’

आजींनी केक तोंडात टाकला, नीट चावला आणि म्हणाल्या, ‘तिच्या पण मास्तरांनीच लिहिला असेल.’

मर्लिनच्या बाबतीत आजींचा अंदाज चुकला, पण फार लांब पडला नाही. लुई आर्मस्ट्राँग हा न्यू ऑर्लिन्सचा केवढा तरी मोठा जाझ गायक-वादक जन्मभर सांगत राहिला की माझा जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी आणि शतकाच्या तोंडावर. तो गेला १९७१ मध्ये. नंतर चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तीत ४ ऑगस्ट १९०१. वर्षही चुकलेलं, महिनाही. हे कळल्यापासून काका अत्यंत खूश आहेत, कारण ४ ऑगस्ट म्हणजे किशोरकुमार. एकाच तारखेला दोघे घसा खरवडून, डोळे फिरवून, लोकांना हसवत गाणारे. आणि गुरुजी खूश आहेत ते वेगळ्याच कारणाने : ‘म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या शाळेतही आपल्यासारखंच होतं तर.’

काकांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिने तिकडची यादी पाठवली आणि आमच्या फळ्याला आंतरराष्ट्रीय पातळीवरची खाज सुटली. अमेरिकेत कायद्याने ठरलेल्या केंद्र सरकारी सुट्ट्या वर्षातून फक्त अकरा. पण ‘नॅशनल डे’ मात्र रोज पाच-पाच. १९ जानेवारीला पॉपकॉर्न दिन, त्याच दिवशी डॉली पार्टन आणि जॅनिस जॉप्लिन यांचे वाढदिवस. जुलैच्या तिसऱ्या रविवारी आइस्क्रीम दिन, आणि तो कोणा हलवायाने नव्हे तर खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये जाहीर केलेला. जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनट दिन. याचा इतिहास तसा मानाचा आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या सॅल्व्हेशन आर्मीच्या बायकांच्या स्मरणार्थ शिकागोत १९३८ मध्ये तो सुरू झाला. असे इतके दिवस मागणारे झाले की तिथल्या प्रतिनिधीगृहाने १९९५ मध्ये स्मरणदिनांची विधेयकं घेणंच बंद केलं. त्यामुळे दिवस कमी झाले असं कोणाला वाटत असेल, तर त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक नाही. सरकारने दार लावल्यावर ज्याला हवा त्याने हवा तो दिवस पाडला.

डोनट दिन आम्ही साजरा केला. संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. डोनट आणायला ज्याला पाठवलं तो तासाभराने स्टेशनजवळच्या उडप्याकडून पिशवी घेऊन आला. वर्तमानपत्रावर तेलाचे गोल उमटले. गुरुजींनी एक उचलून, मधल्या भोकातून दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘भोक आहे. चटणी कुठाय?’ मेदूवडे गरम होते. न्यू जर्सीला फोटो पाठवला. तिकडून हसण्याचं चिन्ह आलं. पाठोपाठ, ‘बाबा, माझ्यासाठी दोन ठेवा.’

या साऱ्या सोहळ्यांवर एकमेव जाणकार अभिप्राय दिला तो जिना पुसणाऱ्या मावशींनी. त्यांना वाचता येतं, पण फळा त्या वाचत नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, ‘आज काय हाय एवढं रंगीत?’

‘आज मोठा दिन आहे मावशी.’

‘मग सुट्टी?’

‘सुट्टी नाही.’

‘पगार जादा?’

‘तसंही नाही.’

‘मग कसला दिन!’ म्हणाल्या, आणि फळ्याखालची खडूची भुकटी पुसून वर गेल्या.

२१ जूनचा मात्र उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय योग दिन, २०१५ पासून. त्याच दिवशी जागतिक संगीत दिन, फ्रान्समध्ये १९८२ पासून. पावसामुळे दोन्ही कार्यक्रम गच्चीवरच्या एकाच पत्र्याखाली ठेवावे लागले. एका टोकाला गुरुजी आणि सतरंज्या, दुसऱ्या टोकाला टाकीला टेकून काका आणि गिटार. भ्रामरी प्राणायाम सुरू झाला. सगळ्यांनी कान बंद करून ‘म्’ धरला. काकांना वाटलं, सूर देतायत. त्यांनी तारा त्या सुराला लावल्या आणि एल्व्हिस सुरू केला. कान बंद असल्यामुळे कोणाला काही कळेना, आणि ‘म्’ सुटेना. इतका एकजीव कार्यक्रम आमच्या गणेशोत्सवातही कधी झाला नव्हता. पुढे शवासन होतं. काकांनी हळुवार गाणं घेतलं. अकरा जण घोरत होते, त्यांत योगशिक्षक म्हणून आणलेले गृहस्थही होते.

(२०२० मध्ये २१ जून रविवारी आला होता. योग दिन, संगीत दिन, जूनचा तिसरा रविवार म्हणून पितृदिन, आणि वर सूर्यग्रहण. गुरुजींच्या आयुष्यातला सर्वात भरगच्च फळा. पण टाळेबंदीमुळे तो वाचायला खाली कोणी उतरलंच नाही. ते आजही तो दिवस आठवून उसासा सोडतात.)

राजकारण आम्ही फळ्याबाहेर ठेवतो. म्हणजे १२ डिसेंबर सोडून. त्या दिवशी शरद पवार, गोपीनाथ मुंडे आणि रजनीकांत. कॉलनीच्या नाक्यावर इतके फ्लेक्स लागतात की रिक्षा कुठून वळवायची कळत नाही. फळ्यावरही तिन्ही गटांचे लोक आपापल्या माणसाचं नाव वर आहे ना, हे पाहायला येतात. रजनीकांतचे समर्थक सर्वात शांत. त्यांना खात्री असते की नाव खाली लिहिलं तरी ते आपोआप वर येईल. काका दरवर्षी भिंतीशी उभं राहून म्हणतात, ‘फ्रँक सिनात्रा. १९१५.’ एका कार्यकर्त्याने गंभीरपणे विचारलं, ‘कुठल्या मतदारसंघातले?’ काकांनी त्या वर्षी सिनात्राचं नाव फळ्याच्या मागच्या बाजूला लिहिलं.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फळ्याचा विषय अधिकृतपणे आला. विषयपत्रिकेवर पहिला विषय गच्चीची गळती, दुसरा पार्किंग, तिसरा लिफ्टचा दुरुस्ती करार, आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात फळा. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ आधी उभे राहिले. पाण्याच्या सूचनेसाठी वेगळी जागा हवी, म्हणाले. योग्य होतं. मग गुरुजी म्हणाले, दिनविशेषालाही. काका म्हणाले, गायकांनाही. १ जूनवाल्या ज्येष्ठांनी कायमचा कोपरा मागितला. महिला मंडळाने हळदीकुंकवासाठी मागितला. कुत्र्यांच्या काकूंनी ‘२८ सप्टेंबरबद्दल’ दिलगिरी मागितली. कोणी तरी हिशेब मांडला की एवढं सगळं बसवायचं तर फळा आठ फूट बाय चार फूट लागेल, आणि तो लिफ्टच्या दारावर येईल. ‘येऊ दे,’ सभागृह म्हणालं, ‘नाही तरी ती बंदच असते.’

ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक गुरुजी, अनुमोदक काका. गळती, पार्किंग आणि लिफ्ट हे विषय वेळेअभावी पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं.

फळा आलाय. त्यात विनोदासाठी दोन ओळींची जागा आखून दिली आहे, आणि हत्ती-मुंगीचे माझ्याजवळचे सगळे संपले आहेत. तरी वाचकांपैकी कोणाकडे नवा विनोद असल्यास, आणि तो कोणाच्या व्यवसायावर, बायकोवर, गावावर, लिफ्टवर किंवा गुरुजींवर नसल्यास, कृपया कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून आमच्या वॉचमनकडे द्यावा. सहकार्य करावे.